धुळ्यातील सुक्या मासळीचे दुकान आणि ‘खोल समुद्रातील’ बोंबील

जुन्या धुळ्यात सुक्या मासळीचे एक लहानसे दुकान आहे. तेथील बोंबील मला खानदेशात आजवर मिळालेल्या बोंबलांपैकी सर्वांत विश्वासाचे वाटतात, आणि या विश्वासाचे कारण भाव नाही किंवा नुसती चवही नाही. त्या दुकानात बोंबील अख्खा मिळतो. डोके, जबडे, पर आणि शेपटी यांसह. आपल्याकडच्या आठवडे बाजारांत तो बहुतेक वेळा मुंडके तोडून, तुकडे करून पिशवीत भरलेला असतो, आणि समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या माणसाला त्या तुकड्यांवरून मासा कोणता, कसा वाळवलेला आणि किती जुना, हे ओळखण्याची सोय उरत नाही. अख्खा मासा हातात आला की या तिन्ही गोष्टी त्याच्या अंगावरूनच कळतात. महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवत आल्यामुळे माझे लक्ष आधी माशाच्या शरीराकडे जाते आणि कालवणाकडे नंतर; हे परीक्षणही त्याच क्रमाने लिहिते आहे.

दुकानाच्या दर्शनी बाजूला ‘खोल समुद्रातील अस्सल बोंबील’ असा रंगवलेला फलक आहे. त्यातला अस्सलपणाचा दावा पूर्णपणे खरा आहे. खोल समुद्राचा दावा मात्र तपासून घ्यावा लागतो, कारण गिऱ्हाईक फलक वाचून तोच समज घरी नेते, आणि बोंबील नेमका कोठे राहतो ही गोष्ट त्याच्या शरीराशी, वाळवण्याच्या रीतीशी आणि धुळ्यात मिळणाऱ्या मालाच्या प्रतीशी थेट जोडलेली आहे.

दुकान एका गाळ्याएवढे आहे. डाव्या हाताला गोणपाटावर बोंबलांच्या जुड्या रचलेल्या असतात आणि उजव्या हाताला बांबूच्या पाट्यांमध्ये सुकट, जवळा, सोडे, वाकट्या आणि मांदेली असतात. एक वयस्कर मावशी आणि त्यांचा मुलगा मिळून दुकान चालवतात. गिऱ्हाईक नवे असले की मावशी जुडीतला एक बोंबील उपसून त्याच्या हातात देतात आणि सांगतात, “ताई, पहिले तोंड देखा, मंग ल्या.” हा सल्ला शास्त्राच्या दृष्टीनेही बरोबर आहे, कारण या माशाची सर्वांत ठळक ओळख त्याच्या तोंडातच आहे.

बोंबलाचे शास्त्रीय नाव हार्पाडॉन नेहेरियस. फ्रान्सिस बुकॅनन-हॅमिल्टन यांनी १८२२ मध्ये गंगेच्या माशांवरील आपल्या ग्रंथात त्याचे वर्णन केले. त्याचे डोके लहान, मुस्कट अगदी आखूड आणि डोळे बारीक असतात. सुकल्यावर तर डोळ्यांच्या जागी दोन काळे ठिपकेच काय ते उरतात. या लहान डोक्याच्या मानाने तोंड मात्र फार मोठे असते. जबड्यांची फट डोळ्यांच्या बरीच मागेपर्यंत जाते आणि खालचा जबडा वरच्यापेक्षा किंचित पुढे आलेला असतो. दोन्ही जबड्यांवर बारीक, अणकुचीदार, आतल्या बाजूला वळलेल्या दातांच्या रांगा असतात. टाळूवर आणि जिभेवरही दात असतात, आणि सर्वांत मोठे दात खालच्या जबड्यात असतात. जिवंत माशात हे दात आतल्या बाजूला लवतात, त्यामुळे भक्ष्य आत जाताना अडत नाही आणि बाहेर निसटू पाहिले की अडकते. दुकानातल्या सुक्या माशाच्या जबड्यावरून बोट तोंडाच्या आतल्या दिशेने फिरवले तर ते सहज सरकते, तेच बाहेरच्या दिशेने ओढले की दातांची टोके कातडीला लागतात. विद्यार्थ्यांना ही रचना समजावण्यासाठी मी याच दुकानातले मासे वर्गात नेते, कारण प्रयोगशाळेतल्या बरणीत ठेवलेल्या नमुन्याला असे बोट लावून पाहता येत नाही.

हे दात शिकारी माशाचे आहेत. बोंबलाचे मुख्य खाद्य म्हणजे जवळा आणि इतर लहान कोळंबीवर्गीय प्राणी. त्याशिवाय तो लहान मासेही खातो आणि त्यांत स्वतःच्या जातीची पिल्लेही असतात. म्हणजे या दुकानात डावीकडच्या जुड्यांमधला मासा उजवीकडच्या पाटीतल्या जवळ्यावर वाढलेला असतो. जवळ्याचे थवे जेथे दाट, तेथे बोंबील दाट, हा त्याच्या वस्तीचा एक मोठा आधार आहे.

तोंडानंतर शेपटी पाहावी. बोंबलाच्या शेपटीच्या पराला दोनऐवजी तीन पाळ्या असतात. शरीराच्या दोन्ही कडांवरून जी संवेदनरेषा, म्हणजे पाण्यातली हालचाल टिपणारी रेषा, जाते, तिच्यावरच्या खवल्यांची ओळ शेपटीत शिरून मधल्या टोकदार पाळीपर्यंत पोचते. शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागावर खवले नसतात. मागच्या अर्ध्या भागावर असतात, पण तेही पातळ आणि सहज गळणारे. सुक्या माशावर अंगठा डोक्याकडून शेपटीकडे फिरवला तर पुढची कातडी नुसती सुरकुतलेली लागते आणि मागे जाताना हलका खरखरीतपणा जाणवू लागतो. पाठीवर अकरा ते तेरा अरांचा, म्हणजे पराला आधार देणाऱ्या काड्यांचा, एक पर आणि त्याच्या बराच मागे, शेपटीजवळ, अरांचा आधार नसलेला एक छोटा मांसल पर असतो. सुकताना हा मांसल पर आकसून जातो आणि नवख्याला तो दिसतही नाही, पण मावशींच्या मालात तो बहुतेक माशांवर शाबूत आढळतो, आणि हाताळणी सांभाळून झाल्याची ती चांगली खूण आहे. छातीचे आणि पोटाकडचे पर शरीराच्या मानाने लांब असतात. बाजारात येणारा बोंबील साधारण वीस ते पंचवीस सेंटीमीटरचा असतो. मोठ्यात मोठा चाळीस सेंटीमीटरपर्यंत वाढतो.

या खुणा इतक्या तपशिलात सांगण्याचे कारण व्यवहारातले आहे. बोंबलाच्याच कुलातला एक मासा किनाऱ्यावर ‘चोर बोंबील’ या नावाने ओळखला जातो. तोही लांबट, मोठ्या तोंडाचा आणि दातेरी असतो, आणि मुंडके व शेपटी काढून त्याचे तुकडे केले तर घाईत असलेल्या गिऱ्हाइकाला दोन्हींतला फरक कळणे कठीण. चोर बोंबलाचे सगळे अंग खवल्यांनी झाकलेले असते, मांस घट्ट असते आणि शेपटी दोनच पाळ्यांची असते. तो खाण्याला वाईट नाही, पण तो बोंबील नव्हे. रश्श्यात त्याचे तुकडे कडक राहतात आणि बोंबलासारखे मऊ होत नाहीत. शहरातल्या दुसऱ्या एका ठिकाणी, ज्याचे नाव मी येथे घेत नाही, मला बोंबलाच्या पिशवीत असे तुकडे मिळाले आहेत. जुन्या धुळ्यातल्या या दुकानात ही भेसळ संभवतच नाही, कारण शेपटीची तिसरी पाळी प्रत्येक माशावर डोळ्यांसमोर असते. फलकावरचा ‘अस्सल’ हा शब्द त्यांनी माल उघडा ठेवून सिद्ध केला आहे.

आता वाळवणाकडे येते. ताजा बोंबील करडसर-पांढरा, अर्धपारदर्शक आणि अंगावर बारीक काळसर ठिपके असलेला असतो, आणि हातात धरला तर लिबलिबीत लागतो. त्याच्या वजनाचा ८५ ते ९० टक्के भाग पाणीच असते. हाडे पातळ आणि मऊ असतात, म्हणून तो काट्यांसकट खाल्ला जातो. इतके पाणी असलेला मासा किनाऱ्यावरून मैदानी मुलखात ताजा आणणे बर्फाची सोय होण्यापूर्वी जवळजवळ अशक्यच होते, आणि त्यामुळे खानदेशाची ओळख पिढ्यान्‌पिढ्या सुक्या बोंबलाशीच राहिली. हिशेब साधा आहे: दहा किलो ताजा बोंबील वाळवला तर हातात दीड किलोच्या आसपास सुका मासा उरतो. सुक्या बोंबलाचा भाव ऐकून जे गिऱ्हाईक नाराज होते, त्याने हे प्रमाण लक्षात घ्यावे, म्हणजे त्या एका किलोसाठी समुद्रातून किती मासा काढावा लागतो हे ध्यानात येईल.

किनाऱ्यावर बोंबील वाळवण्याची रीत त्याच्या शरीररचनेवरच आधारलेली आहे. कोळी बांधव, आणि या कामात बहुतांशी बायकाच असतात, दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवतात आणि ती जोडी बांबूच्या मांडवावर ताणलेल्या दोरीवर टाकतात. आत वळलेले दात एकमेकांत गुंतून राहतात, गाठ मारावी लागत नाही, आणि खारा वारा माशाला सर्व बाजूंनी लागतो. मीठ लावले जात नाही. अशा रीतीने वाळलेल्या माशाची ओळख दुकानात सहज पटते: त्याचे तोंड उघडे आणि जबडा एका बाजूला वाकडा झालेला असतो, गळ्याजवळ दोरीचा दाब उमटलेला असतो आणि अंग दोन्ही बाजूंनी सारखेच आकसलेले असते. याउलट जो मासा वाळूवर किंवा जमिनीवर पसरून वाळवला जातो, त्याची एक बाजू चपटी होते आणि सुरकुत्यांत वाळूचे कण अडकतात. असा मासा कितीही धुतला तरी घास कचकचतो. मावशींच्या जुड्यांमध्ये चपट्या बाजूचा बोंबील मला क्वचितच दिसला आहे. रंगही पाहावा. चांगला बोंबील फिकट पिवळसर किंवा साईच्या रंगाचा असतो. तपकिरी झालेला आणि खवट वास येणारा मासा जुना समजावा.

उघड्यावरच्या या वाळवणावर स्वच्छतेच्या दृष्टीने आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते सगळेच अनाठायी नाहीत. १९९० च्या दशकाच्या अखेरीस युरोपीय संघाने भारतातून येणाऱ्या सुक्या बोंबलाची आयात बंद केली होती, कारण तो मान्यताप्राप्त कारखान्यात तयार होत नव्हता. नंतर मान्यताप्राप्त केंद्रात बांधणी करण्याच्या अटीवर ती पुन्हा सुरू झाली. आपल्या बाजारात येणाऱ्या मालाला अशी कोणतीही अट लागू होताना दिसत नाही, म्हणून विकणाऱ्याची निवड आणि घेणाऱ्याची नजर यांवरच सगळे अवलंबून राहते.

माल येतो कोठून, हे मी दुकानात विचारले. मुंबई–आग्रा आणि सुरत–नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकत्र येतात आणि दुकानातला बोंबीलही याच दोन वाटांनी येतो. एक माल मुंबई, वसई आणि पालघरच्या बाजूचा, तर दुसरा सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरचा, जाफराबादकडचा. बोंबलाच्या प्रसाराचा नकाशा समोर ठेवला तर या दोन वाटांचे कारण लगेच उलगडते. हा मासा हिंदी महासागर आणि पश्चिम पॅसिफिक यांच्या किनाऱ्यांवर चीन-जपानपर्यंत आढळत असला, तरी तो सर्वत्र सारखा पसरलेला नाही. अरबी समुद्रात त्याची खरी दाटी खंबायतच्या आखातापासून मुंबई-रायगडच्या किनाऱ्यापर्यंत आहे. रत्नागिरीच्या दक्षिणेला तो झपाट्याने विरळ होतो आणि केरळच्या किनाऱ्यावर जवळजवळ दिसत नाही. मग भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालून पूर्व किनाऱ्यावर, विशेषतः ओडिशा आणि बंगालच्या बाजूला, तो पुन्हा भरपूर मिळू लागतो. बंगाली लोक त्याला लोटे म्हणतात आणि आवडीने खातात.

एकाच जातीचा मासा असा दोन तुकड्यांत विभागलेला का असावा, हा प्रश्न मला या माशाविषयीच्या सर्व प्रश्नांत अधिक मोलाचा वाटतो. ज्या दोन ठिकाणी तो दाट आहे त्यांच्यात साम्य आहे. दोन्हीकडे मोठ्या नद्या समुद्राला मिळतात, त्यांच्या गाळाने तळ चिखलाचा झालेला असतो, गोड्या पाण्यामुळे खारेपणा कमी असतो, भरती-ओहोटीचा जोर मोठा असतो आणि जवळ्याचे थवे प्रचंड असतात. पूर्वेकडे हे काम गंगा आणि तिच्या शाखा करतात, पश्चिमेकडे नर्मदा, मही, साबरमती आणि आपली तापी. मुलताईजवळ उगम पावणारी तापी ७२४ किलोमीटर वाहून सुरतेच्या पुढे खंबायतच्या आखातात जाते, आणि धुळ्यातून वाहणाऱ्या पांझरेचे पाणीही तिलाच मिळते. उकाईचे धरण १९७२ मध्ये पूर्ण झाल्यापासून वरच्या मुलखातला बराचसा गाळ धरणातच साचतो, हे खरे. पण त्या आखाताचा चिखल ज्या नद्यांनी शतकानुशतके घडवला, त्यांत खानदेशच्या काळ्या मातीचाही वाटा आहे. धुळ्यातल्या विद्यार्थ्याला बोंबील हा परक्या मुलखातला प्राणी वाटतो. माझ्या मते तो त्याच्याच नदीच्या मुखाशी राहणारा मासा आहे, आणि शाळांतून तो तसा शिकवला गेला पाहिजे.

आता फलकावरच्या खोल समुद्राविषयी. बोंबील मुख्यतः डोल जाळ्याने पकडतात. हे शंकूच्या आकाराचे पिशवीसारखे जाळे समुद्रतळाशी खुंटांच्या किंवा नांगरांच्या आधाराने पक्के बांधलेले असते; त्याचे रुंद तोंड प्रवाहासमोर येते, भरती-ओहोटीच्या जोरावर मासा आत लोटला जातो आणि प्रवाह मंदावला की जाळे उचलतात. अशी जाळी बहुधा चाळीस मीटरच्या आतल्या पाण्यात लावली जातात. वर्षाचा बराच काळ बोंबील किनाऱ्यापासून दूर, वाळूमिश्रित चिखलाच्या तळावर राहतो आणि पावसाळ्यात नद्यांच्या मुखांशी थव्यांनी जमतो, असे त्याचे वर्णन मत्स्यशास्त्रात केले जाते. ‘दूरचा समुद्र’ म्हटले असते तर ते मान्य करता आले असते. शास्त्रात मात्र खोल समुद्र दोनशे मीटरच्या खाली, म्हणजे भूखंडाचा उथळ उतार संपतो तेथून पुढे सुरू होतो, आणि आपल्या ताटातला बोंबील तेथला रहिवासी नाही.

तरीही हा दावा ऐकून मी नुसती नकारार्थी मान हलवू शकत नाही, कारण बोंबलाचे गोत खरोखरच खोल समुद्रात पसरलेले आहे. हार्पाडॉन प्रजातीतल्या इतर जातींपैकी हार्पाडॉन मायक्रोकिर ही जपानपासून दक्षिणेकडच्या समुद्रात पाचशे मीटरच्या आसपासच्या पाण्यापर्यंत आढळते आणि ती आपल्या बोंबलापेक्षा मोठी होते. हार्पाडॉन स्क्वॅमोसस या दुसऱ्या जातीचे वर्णन आल्फ्रेड अल्कॉक यांनी १८९१ मध्ये केले. अल्कॉक हे ‘इन्व्हेस्टिगेटर’ या भारतीय सागरी सर्वेक्षणाच्या जहाजावर शल्यचिकित्सक आणि निसर्गअभ्यासक म्हणून काम करत होते, आणि भारताभोवतीच्या खोल पाण्यातल्या प्राण्यांची आपल्याला जी पहिली पद्धतशीर ओळख झाली, तिचे बरेचसे श्रेय त्या जहाजाला आणि त्यांना जाते.

गणाच्या, म्हणजे अनेक कुलांना सामावणाऱ्या मोठ्या गटाच्या, पातळीवर गेले तर हे नाते आणखी खोल उतरते. बोंबील ज्या ऑलोपिफॉर्मीस गणात मोडतो, त्याच गणात बॅथिप्टेरॉइस ग्रॅलेटर हा तिपाई मासा येतो. गूड आणि बीन या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १८८६ मध्ये त्याचे वर्णन केले. अटलांटिक, पॅसिफिक आणि हिंदी अशा तिन्ही महासागरांत, उत्तर आणि दक्षिण ४० अक्षांशांच्या दरम्यान, सुमारे ८७८ ते ४,७२० मीटर खोलीवर तो सापडला आहे. त्याचे शरीर साधारण एका हाताच्या लांबीचे, पण पोटाच्या दोन परांचे आणि शेपटीच्या खालच्या पाळीचे टोकाचे अर इतके वाढलेले असतात की ते एक मीटरपर्यंत जाऊ शकतात. या तीन अरांवर तो चिखलाच्या तळावर प्रवाहाकडे तोंड करून निश्चल उभा राहतो. छातीचे पर तो पुढे, डोक्याच्या वर उभारतो आणि प्रवाहातून येणारा लहानसा कवचधारी प्राणी त्या परांना लागला की त्याला भक्ष्याचा सुगावा लागतो. त्या अंधारात त्याच्या अतिशय लहान डोळ्यांचा फारसा उपयोग होत नाही. एकाच माशाच्या शरीरात नर आणि मादी अशी दोन्ही जननेंद्रिये एकाच वेळी कार्यरत असतात, आणि जेथे जोडीदार भेटणे दुर्मीळ, तेथे ही सोय मोलाची ठरते.

दुकानातला बोंबील हातात घेऊन या नातलगाची आठवण केली की शरीराच्या काही गोष्टी एकदम अर्थपूर्ण होतात. बोंबलाला वाताशय, म्हणजे पोहताना शरीर तोलून धरणारी हवेची पिशवी, नसते; तिपाई माशालाही नसते. दोघांचेही डोळे लहान, दोघेही चिखलाच्या तळाशी जोडलेले. मऊ, पाणीदार मांस हे खोल समुद्रातल्या अनेक माशांचे लक्षण आहे, आणि याच गणातला अ‍ॅलेपिसॉरस हा दोन मीटरपर्यंत लांब होणारा शिकारी मासा ट्यूनाच्या गळाला लागतो तेव्हा त्याचे मांस असेच पाणीदार निघते. अंगाच्या ठेवणीने बोंबील खोल पाण्यातल्या माशांच्या जवळचा आहे आणि वस्तीने नदीमुखाच्या जवळचा. म्हणून मी मावशींच्या मुलाला सुचवले की फलकावर ‘खंबायत आणि मुंबईचा बोंबील’ असे लिहावे. ते अधिक खरे आहे आणि विकायला कमी पडणारेही नाही. त्याने ते शांतपणे ऐकून घेतले. फलक बदललेला मला अद्याप दिसलेला नाही.

यावरूनच दुकानाच्या उणिवांकडे वळते. सर्वांत मोठी उणीव ही की मुंबईकडचा आणि सौराष्ट्राकडचा माल एकाच ढिगात ठेवलेला असतो. विचारले तर मुलगा जुड्या निवडून देतो, पण तशी चिठ्ठी लावलेली नसते आणि माल कोणत्या महिन्यात वाळवला याची नोंद कोठेच नसते. ही नोंद अवघड नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला, सर्वसाधारणपणे १ जून ते ३१ जुलै, पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, आणि वाळवणाला ऊन-वारा मिळतो तो पावसाळा संपल्यानंतर. म्हणजे जून ते सप्टेंबरमध्ये दुकानात जो बोंबील दिसतो तो आदल्या हंगामातलाच असणार, आणि हे गिऱ्हाइकाला सांगितले गेले पाहिजे. पावसाळ्यात मी येथे बोंबील घेत नाही. दमट हवेत तो नरम पडतो, बुरशी धरतो, आणि केसाळ अळ्या करणारे लहान भुंगेरे त्यात शिरतात. जुडी जमिनीवर हलकेच आपटली की बारीक भुगा पडतो, तो पडला तर ती जुडी घेऊ नये. दुसरी उणीव पिशवीची. मावशी माल पातळ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून देतात, आणि त्यातून वास तर बाहेर येतोच, शिवाय आत दमटपणाही कोंडतो. कागदात गुंडाळून मागितला तर तसा देतात, म्हणून मागावा. तळाशी राहिलेला चुरा स्वस्तात विकायला ठेवलेला असतो. त्यात कोणकोणते मासे आहेत हे सांगणे कठीण असल्यामुळे मी त्याची शिफारस करणार नाही.

इतर मालाबद्दल थोडक्यात सांगते. जवळा स्वच्छ आणि चांगला असतो. सोडे महाग असले तरी सारख्या आकाराचे निवडलेले असतात. वाकट्या बऱ्या. सुका बांगडा खारवलेला असतो आणि मला तो जास्त खारट वाटला.

बोंबलाचा भाव आठवडे बाजारातल्या तुकड्यांपेक्षा जास्त आहे. मुंडकी आणि शेपट्या काढल्यावर वजन थोडे घटते, हे गृहीत धरूनही मला तो भाव योग्य वाटतो, कारण आपण काय घेतो आहोत याची खात्री त्या मुंडक्या-शेपट्यांमुळेच होते. वजनात कधी खोट आढळली नाही. परगावच्या नातेवाइकांसाठी मावशी पुठ्ठ्याच्या खोक्यात घट्ट बांधणी करून देतात, आणि खोक्यात तळाला कोरडा कागद घालण्याची त्यांची काळजी वाखाणण्यासारखी आहे.

घरी आणल्यावर मुंडके आणि पर काढावेत, मासा दोन-तीन तुकड्यांत तोडावा आणि तव्यावर मंद आचेवर कोरडाच भाजावा. चांगला वाळलेला बोंबील भाजताना फुलतो, कडेने तांबूस होतो आणि बोटांनी चुरला की काट्यांसकट मोडतो. खलबत्त्यात लसूण, लाल मिरची आणि जिरे घालून केलेली त्याची चटणी कळण्याच्या भाकरीबरोबर उत्तम लागते. रस्सा करायचा असेल तर भाजलेला कांदा, खोबरे आणि आपला काळा मसाला यांत वांग्याच्या फोडी अर्धवट शिजल्यावर बोंबील घालावा. सुरुवातीपासून घातला तर तो विरघळून जातो, कारण वाळताना गेलेले पाणी तो रश्श्यातून परत ओढून घेतो आणि पुन्हा पूर्वीसारखा मऊ होतो. मीठ बेतानेच घालावे.

साठवण्यासाठी कडक उन्हात पुन्हा एकदा वाळवून, पूर्ण गार झाल्यावर, घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवावा. खरेदीसाठी सर्वांत चांगला काळ डिसेंबर ते मार्च. त्या दिवसांत सकाळी लवकर गेले तर न सोडलेल्या जुड्या मिळतात आणि मावशींना मासा दाखवायला वेळही असतो. प्राणिशास्त्राच्या शिक्षकांनी वर्गासाठी घ्यायचा झाल्यास आधी सांगून ठेवावे, म्हणजे शेपटीच्या तिन्ही पाळ्या शाबूत असलेले मासे त्या वेगळे काढून ठेवतात.